मोटारीचं माहेर

लग्न होऊन मी सासरी आले आणि माप ओलांडून घरात पाऊल टाकल्यावर पहिला नमस्कार केला तो बोटीच्या मोटारीला.

त्यात माझी चूक नव्हती. पदर नाकापर्यंत ओढलेला होता, त्यामुळे जमिनीपासून हातभर उंचीचंच काय ते दिसत होतं. सासूबाई मागून म्हणाल्या, "पाया पड वो माय." समोर ओसरीत सागवानी पाटावर पितळेचं, तीन पाकळ्यांचं, घासून लखलखीत केलेलं काहीतरी होतं. भंडाऱ्याला आमच्या घरचा देव्हारा एवढासा. इथं गावाकडे देव मोठे असतील, असं समजून मी वाकले आणि कपाळ टेकवलं.

"तो नोहोय वो!" सासूबाई म्हणाल्या. "देव आतमंदी आहे."

माझ्या शेजारी उभे असलेले नवरदेव सकाळपासून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते हळूच म्हणाले, "राहू दे. पडली तं पडली."

आमचं गाव गोंदियाहून कामठ्याकडे जाताना लागतं. देश स्वतंत्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. सासरे हयात नव्हते. घरची धानाची शेती भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, पाहत. गावाबाहेरचा मोठा तलाव याच घराण्यातल्या कोणीतरी फार पूर्वी बांधला, असं घरात सांगत. सासूबाई तर तलावाबद्दल असं बोलत, जणू तो घरातलाच एखादा वडीलधारा माणूस आहे आणि सध्या जरा बाहेर बसलाय.

हे लढाईच्या काळात आसामकडे फौजेच्या बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात मिस्त्री होते. लढाई संपल्यावर ते घरी आले, पण त्यांचं मन तिकडेच राहिलं. गोंदियाच्या बाजारात एका कबाड्याचं दुकान होतं. फौजेचा लिलावातला माल कलकत्त्याकडून रेल्वेने तिथं येऊन पडायचा : बूट, तंबू, डबे, पट्टे. देश सोडून निघालेल्या चहाच्या मळेवाल्या साहेबांचं सामानही त्यात असायचं. त्यात अधूनमधून एखादी बोटीच्या मागं लावायची लहान मोटार निघे. वर चाक, त्याखाली पेट्रोलची टाकी, मग एक लांब पाय आणि पायाच्या टोकाला पंखा. कबाडी निरोप धाडायचा, "पाटीलसाब से कहना, एक चीज रखी है." निरोप आला की हे जेवत्या ताटावरून उठायचे.

नव्या मोटारीकडे हे बघतसुद्धा नसत. जितकी जुनी तितकी यांना प्रिय. एकीला दोरीच नव्हती. तिच्या चाकावर लाकडी मूठ होती, ती हाताने गरगरा फिरवावी लागे. तिला तर हे थेट कलकत्त्याहून रेल्वेनं, लहान मुलासारखं कपड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आले होते. भासरे बैलांची बंडी घेऊन स्टेशनवर गेले होते, कारण त्यांना कळलं होतं की भाऊ काहीतरी "मशीन" आणतोय. मळणीचं असेल, असं त्यांना वाटलं होतं.

"नवी सोडून जुनी आनते!" घरी येईस्तोवर ते सगळ्या वाटेनं बोलत होते. "बैल घेतानी बी असंच करशीन का? दात पडलेला पाहून?"

"दादा, ही पाहाची वस्तू आहे," हे म्हणाले.

"मंग पाहून यायचं होतं. आनली कायले?"

घरात अशा पाच-सहा मोटारी झाल्या होत्या आणि नाव एकही नव्हती. तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांचे डोंगे होते, झाडाचं खोड कोरून केलेले. पण त्यांना मोटार लावायची गोष्ट कोणी काढली की हे दुखावले जायचे. मी एकदा विचारलं, "एखादी नाव घेतली तर?" त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी देवघरातल्या शंखात पाणी प्यायला मागितलं.

ओसरीच्या एका भिंतीला मोटारी ओळीनं मांडलेल्या असत. प्रत्येकीला सागवानी फळीचा घोडा, प्रत्येकीला मी जुन्या लुगड्याचा शिवलेला झगा. दर रविवारी झगे उतरायचे आणि जवसाच्या तेलाचा हात फिरायचा. यांच्या मदतीला माझी नणंद असायची. यांच्याहून पुष्कळ लहान, लग्नाला आलेली, तोंडाने फटकळ. दोरी गुंडाळून दे, पाना दे, फडकं पिळ, हे सगळं ती बडबडत करायची. "माह्या वाट्याले भाऊ आला तं असा," ती म्हणायची, "बाकीच्यांचे भाऊ बहिनीले पाटल्या करतात, हा मोटारीले आंघोळ घालते." सासूबाईंनी मात्र मोटारींशी तह केला होता. उन्हाळ्यात त्या मोटारींच्या लांब दांड्यांवर कुरडयांची फडकी वाळत टाकायच्या. हे काही बोलत नसत, फक्त कुरडईचा चुरा पंख्यात जाऊ नये म्हणून खाली उकिडवे बसून राखण करायचे.

तर एका वर्षी मंडईच्या आधी गावचे पंच घरी आले. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, एका दिवसाची जत्रा. पाहुणे येतात, मिठाईची दुकानं लागतात, दुपारभर दंडार म्हणजे नाचगाण्याचा आणि सोंगांचा खेळ चालतो. शेजारच्या गावच्या मंडईत म्हणे दोन डोक्यांचं वासरू दाखवलं होतं. आपल्याकडे तसं काही नाही, याचं पंचांना फार वाईट वाटत होतं.

"तुमच्या मोटारी ठेवा ना पाटील," पंच म्हणाले. "लोकं पाहतीन."

हे इतके खूष झाले की रात्री जेवलेच नाहीत.

मंडईच्या दिवशी वडाखाली मांडव घालून मोटारी मांडल्या. झगे काढले. मी आणि नणंदेनं समोर रांगोळी घातली. लोक आले, थांबले आणि भांडू लागले. एक म्हणाला, हा बिनभोंग्याचा ग्रामोफोन. दुसरा म्हणाला, पिठाची चक्की. कामठ्याहून आलेल्या एका म्हातारबुवांनी शपथेवर सांगितलं, की हा साहेबाच्या पायाला वारा घालायचा पंखा आहे, आपण स्वतः पाहिला आहे. हे प्रत्येकाला समजावत होते, "बोटीले मागून लावतात, बोट पुढं जाते." त्यावर एकानं विचारलं, "बोट कुठं आहे?"

"बोट नाही."

"मंग पुढं काय जाते?"

यांचं तोंड लाल झालं. चालवली की झिजते, म्हणून वर्षानुवर्षं एकही मोटार चालू न करणारा माणूस त्या दिवशी हट्टाला पेटला. राइस मिलमध्ये धान भिजवायचा मोठा लोखंडी हौद असतो, तसा एक यांनी मित्राच्या मिलमधून बंडीवर घालून आणवला. पाण्यानं काठोकाठ भरला. ओळीतली सगळ्यात मोठी, अमेरिकन मोटार काठाला स्क्रूनं आवळली. तोवर बातमी पसरली होती आणि सगळी मंडई हौदाभोवती जमली. पुढं पाहुण्यांसाठी खुर्च्या टाकल्या. मधल्या खुर्चीवर तिरोड्याकडचे एक मोठे शेतकरी बसले होते, कडक इस्त्रीचा कोट, डोक्यावर गुलाबी फेटा.

यांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा अशी काही गर्जना झाली की पाळण्यातली पोरं रडू लागली. पाणी क्षणभर थरथरलं आणि मग अख्खा हौद उठून पहिल्या रांगेवर जाऊन बसला.

खुर्च्या पडल्या, बाया किंचाळल्या, जिलेबीवाल्याची भट्टी विझली. मोटार बंद झाली तेव्हा हौदात पाणी घोट्याइतकंही नव्हतं. सगळे पळाले होते. फक्त तिरोड्याकडचे पाहुणे जागचे हलले नव्हते. फेट्याचा गुलाबी रंग त्यांच्या गालांवरून कोटावर ओघळत होता. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले,

"आखीन एक खेप."

मग संध्याकाळपर्यंत तेच चाललं. गडी तलावातून कावडीनं पाणी आणून हौद भरायचे, मोटार तो रिकामा करायची आणि कुडकुडत्या थंडीत लोक भिजायला रांगा लावायचे. दंडारीपुढं माणूस उरला नाही. शेवटी राजाचं सोंग घेतलेला माणूस मुकुटासकट भांडायला आला. "आमचा धंदा बुडवून राहिले तुमी," तो ओरडला. त्याच वेळी दोरी ओढली गेली आणि राजा चिंब झाला. त्यानंतर तोही रांगेत उभा राहिला.

दोनेक आठवड्यांनी तेच पाहुणे आमच्या घरी आले. त्यांचा मधला मुलगा लग्नाचा होता आणि आमच्याकडे नणंद. भासऱ्यांनी आनंदाने पाट मांडले. नणंद पदर घेऊन, चहाचं तबक घेऊन आली आणि खाली बसली. पाहुण्यांनी तिच्याकडे पाहून मान डोलावली. मग त्यांची नजर तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे गेली, ती तिथंच राहिली.

"पोरगी पसंत आहे," ते म्हणाले. "आमाले काही नको. फक्त तो पंप द्या."

"कोणता पंप?" भासऱ्यांनी विचारलं.

"तो, मंडईतला. एवढं पानी फेकते. माह्या बोडीवर लावला तं सारे बांध ओले होतीन."

बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. भासरे ताबडतोब म्हणाले, "घेऊन जा. दोन घेऊन जा." आणि तेवढ्यात हे मधे पडले.

"तो पंप नोहोय. पानी वर ओढत नाही. मागं ढकलते."

"ढकलते तं ढकलते. माह्या शेताकडं ढकलीन."

"मोटार देता येत नाही," हे म्हणाले.

भासऱ्यांचा चेहरा मला पदराआडूनही दिसला. पाहुणे उठले नाहीत, पण त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. त्यांना बाहेर तलाव दाखवायला पाठवून भासऱ्यांनी यांना माजघरात ओढलं.

"बहिनीचं लगन मोडून राहिला तू! एका लोखंडासाठी!"

"लोखंड नाही, पितळ आहे," हे म्हणाले, "आणि ते लोक तिले बोडीत बुडवतीन."

"कोनाले? पोरीले?"

"मोटारीले."

सासूबाई रडू लागल्या. तेव्हा नणंद, जी कोपऱ्यात तबक धरून उभी होती, ती म्हणाली, "दादा, मले धाडून राहिले तवा नाई इचारलं, ते लोक मले बुडवतीन का म्हणून?"

हे तिच्याकडे पाहत राहिले. खरोखरच हा विचार त्यांच्या मनात आला नव्हता. मग बाहेर गेले आणि पाहुण्यांना म्हणाले, "देतो. पण आधी घर पाहीन."

ठरलेल्या दिवशी हे तिरोड्याकडे गेले. मला सोबत नेलं, कारण बाईमाणसानं स्वयंपाकघर पाहावं, असं सासूबाईंचं म्हणणं. त्यांच्या घरी यांनी मुलाला काही विचारलं नाही. तो बिचारा नवा सदरा घालून समोर उभा होता आणि हे त्याला बाजूला सारून त्याच्या मागची भिंत बोटाने ठोकत होते. ओसरी कोणत्या दिशेला आहे? पावसाची झड कुठवर येते? धूर इकडे वळतो का? घरात कोणाला राग आल्यावर वस्तू फेकायची सवय आहे का? रागावून ओरडणारं कोणी? प्रत्येक प्रश्नाला ते शेतकरी प्रामाणिकपणे उत्तर देत होते. राग कोणाला, तर थोरल्या मुलाला, पण तो देवरीकडे लाकडाच्या कामावर असतो, घरी कमीच येतो. यांनी तेही नीट ऐकून घेतलं. ओसरीच्या एका कोपऱ्यात ओल आली होती. यांनी वर पाहिलं. छपराचे कवेलू फुटले होते.

"हे फेरावं लागीन," हे म्हणाले. "सारं छप्पर. स्वयंपाकघराचं बी. तिकडून ओल इकडं येते."

आणि त्या भल्या माणसानं फुटके कवेलू बदलून सगळं छप्पर फेरलं. त्यांची बायको मला मागच्या दारी घेऊन गेली आणि हात धरून म्हणाली, "तीन पावसाळे मी सांगून राहिली होती बाई. तुमच्या मोटारीनं आयकवलं."

लग्न झालं. मांडवात यांनी दोघींनाही हळद लावली, आधी बहिणीला, मग अमेरिकन मोटारीच्या टाकीला, अगदी थोडी, बोटाच्या टोकानं. पाठवणीच्या बंडीत पुढं नवरानवरी आणि मागं गवताच्या गादीवर झगा घातलेली मोटार. बंडी हलली तेव्हा सासूबाई रडल्या, मी रडले. हे वेशीपर्यंत बंडीच्या मागं चालत गेले, मोटारीवर एक हात ठेवून. नंतर कोणी विचारलं की का रडत होते, तर म्हणायचे, दोघी गेल्या ना. बहिणीसाठी म्हणाले असते तर कोणी हसलं नसतं, पण त्यांना खोटं बोलता येत नसे आणि बहुधा हिशेब त्यांनाही लागत नव्हता.

इवाईबुवांनी, म्हणजे नणंदेच्या सासऱ्यांनी, चार दिवसांतच बोडीच्या काठावर दोन खांब रोवून मोटार बसवली. गाव जमलं. आणि दोरी ओढून ओढून सगळ्या घराचे खांदे निखळायची वेळ आली तरी मोटार चालू होईना. इवाईबुवांनी ओढली, नवऱ्या मुलानं ओढली, सुट्टीवर आलेल्या रागीट थोरल्यानं ओढली आणि लाथही घातली. तेव्हा मागं बायांमध्ये पदर घेऊन उभी असलेली नवी सून म्हणाली, "लात नका मारू. हवेची कळ बंद आहे."

सगळे वळले. सासऱ्यांनी विचारलं, "तुले येते का?"

मग ती पुढं झाली. सासऱ्यांपुढं तोंड दिसू नये म्हणून पदर दातांत धरला, दोरी गुंडाळली, एक पाय खांबाला लावला आणि एका झटक्यात मोटार चालू केली. बोडीतलं पाणी एका बाजूनं उठलं, दुसऱ्या बाजूच्या बांधावर आपटलं आणि परत बोडीत आलं. मासे वर आले. चिखल झाला. शेतात एक थेंब गेला नाही. आम्हाला वाटलं, आता मोटार परत येणार, कदाचित पोरगीही. पण इवाईबुवा खूष होते. "पानी तं जागचं हाललं," ते म्हणाले. त्यानंतर त्यांचा नेमच झाला. संध्याकाळी बोडीवर बाज टाकून बसायचं, आलेल्या पाहुण्याला चहा द्यायचा आणि हाक मारायची, "सूनबाई, जरा चालू करून दे वो."

त्या घरात नव्या सुनेला सासऱ्यासमोर मोठ्यानं बोलायची मुभा नव्हती. पण मोटारीबद्दल ती काय म्हणेल ते खरं. तेल कोणतं घालायचं, किती, आज चालवायची की विसावा द्यायचा, हे सगळं तीच सांगे. थोरला दीर तिच्यासमोर आवाज चढवेनासा झाला, कारण ती म्हणे, "मोटारीले ओरडनं चालत नाही."

पोळ्याच्या सुमारास पहिल्यांदा मोटार बिघडली. इवाईबुवा स्वतः बंडी जुंपून मोटार आणि सून दोघींना घेऊन आमच्या दारी आले. मोटार एकटी पाठवली तर वाटेत हाल होतील, म्हणून सून सोबत. नणंद धावत आत आली आणि माझ्या गळ्यात पडून हसू लागली.

"वैनी, काई नाई झालं तिले. पलग ढिला केला मी. माहेरी यावंसं वाटलं तं करू काय? माह्यासाठी कोन बंडी जुंपते?"

बाहेर हे मोटारीसमोर उकिडवे बसले होते. त्यांचं बोट प्लगवर गेलं, थांबलं. त्यांनी मान वर करून आतल्या दाराकडे पाहिलं. मग फडकं घेऊन हात पुसले.

"आठ दिवस लागतीन," ते म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे, असं मी वर म्हटलं आहे. त्या दिवसापासून येऊ लागलं.

पुढं दिवाळी, अक्षय तृतीया, पहिलं बाळंतपण, सगळ्या वेळी मोटार वेळेवर बिघडली. बाळंतपणात तर तीन महिने मोटारीचा सुटा भाग मिळाला नाही. गोंदियात नाही, नागपुरात नाही, कलकत्त्याला लिहिलंय, असं हे सांगत राहिले आणि इवाईबुवा दर बाजाराच्या दिवशी येऊन मोटारीजवळ बसून, नातवाला खेळवून परत जात राहिले. गोंदियाच्या कबाड्याकडे दोघं सोबत जाऊ लागले. तिथं एका जुन्या विलायती मोटारीवरून दोघांचं एकदा इतकं भांडण झालं की कबाड्यानं हात जोडले, "आप दोनो पहले नाव तो ले लो!" दोघांनी मिळून त्याला झापलं.

एका वर्षी संक्रांतीला बंडी आली, तेव्हा हे नेहमीप्रमाणे म्हणाले, "आठ दिवस लागतीन." इवाईबुवांनी मान डोलावली, पण बैल सोडले. पागोटं काढून खुंटीला अडकवलं, वळकटी बंडीतून काढून ओसरीत मोटारींच्या समोर पसरली.

"दर खेपेस हिले काय होते ते मी आता पाह्यतोच," ते म्हणाले. "आठ दिवस मी बी राहतो."

हे माझ्याकडे पाहू लागले. नणंद पदरात तोंड खुपसून माजघरात पळाली. भासरे बाहेर आले, वळकटी पाहिली आणि मला म्हणाले, "तांदूळ जास्त शिजव."

इवाईबुवा पूर्ण आठ दिवस राहिले. त्यांना वांग्याची भाजी चालत नव्हती, भाकरी पातळच लागे आणि दुपारी झोपेत ते मोटारीसारखे घोरत. आमचे हे मात्र रोज सकाळी त्यांच्यासमोर तोच एक प्लग काढत, रॉकेलमध्ये धूत, उन्हात वाळवत आणि संध्याकाळी पुन्हा बसवत.